दिरहमच्या भावाचा माग: एकास एकपासून एकास बावीसपर्यंत

खेड, दापोली, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात ‘आज रेट काय आहे?’ असं कुणी विचारलं, तर कशाचा रेट हे सांगावं लागत नाही. दिरहमचा, रियालचा, नाहीतर दिनारचा. घरटी कुणीतरी आखातात असतं आणि महिन्याचे पैसे कधी पाठवायचे ते या आकड्यावर ठरतं. आजचा भाव मोबाइलवर लगेच दिसतो. मला मात्र हाच भाव मागे मागे नेत कुठपर्यंत पोचता येतं, याचं फार कुतूहल आहे.

२०२२च्या ऑक्टोबरात एका दिरहमला साडेबावीस रुपये पडत होते. १९९३च्या मार्चमध्ये साडेआठ. १९७३च्या मे महिन्यात दिरहम पहिल्यांदा चलनात आला, तेव्हा दोनला थोडे कमी. त्याच्याही मागे, ६ जून १९६६च्या आधी गेलं, की आकडा येतो बरोबर एक. कारण तेव्हा दुबईच्या बाजारात रुपयाच चालत होता.

ब्रिटिश अमदानीपासून दुबई, कतार, बहरीन, कुवेत, मस्कत या सगळ्या ठिकाणी रोजच्या देवघेवीचं चलन भारतीय रुपया होतं. गलबतावरून दुबईला उतरलेल्या कोकणी खलाशाच्या खिशातली नोट तिथे सरळ चालायची. यात भारताचं एक मोठं दुखणं होतं. आखातात सोनं स्वस्त आणि इकडे महाग. चोरून सोनं यायचं आणि त्याचा मोबदला म्हणून नोटा बाहेर जायच्या. त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत आल्या, की त्यांच्या बदल्यात पौंड मोजावे लागत. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर असे. त्या भारतात चालत नसत, पण किंमत रुपयाएवढीच. या नोटांना आखाती रुपया म्हणतात.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार काढला. दुबई आणि कतार रुपयावरच राहिले. मग १९६६च्या जूनमध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. दिल्लीत झालेल्या निर्णयाने आपल्या लोकांची पुंजी एका रात्रीत आटावी, हे तिथल्या राज्यकर्त्यांना मान्य होणं शक्य नव्हतं. त्यांनी काही महिने सौदी रियालवर भागवलं आणि त्याच वर्षी ‘कतर आणि दुबई रियाल’ हे नवं चलन आणलं. त्याची किंमत ठरवली ती अवमूल्यनाआधीच्या रुपयाएवढी. पुढे १९७३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम आला, तो दुबईत या रियालच्या जागी, एकास एक. म्हणजे आजचा दिरहम हा १९६६च्या आधीच्या रुपयाचाच थेट वारस आहे. एका खोडाच्या दोन फांद्या फुटल्या, त्या नेमक्या कोणत्या दिवशी फुटल्या हे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यानंतरचं अंतर मोजता येतं. दोन देशांच्या चलनांबाबत अशी सोय क्वचितच मिळते.

हे अंतर मोजताना डॉलर मध्यस्थ म्हणून घेतात. रुपया आणि दिरहम यांच्यात थेट मोठा बाजार नाही, दोन्हींचा भाव डॉलरशी ठरतो. त्यामुळे एका दिरहमचे रुपये काढायचे, तर डॉलरच्या रुपयांना डॉलरच्या दिरहमांनी भागायचं. फांद्या फुटल्या त्या क्षणी ७.५० भागिले ४.७६, म्हणजे १.५८. नंतर १९७१च्या डिसेंबरात आणि १९७३च्या फेब्रुवारीत खुद्द डॉलरच सोन्याच्या तुलनेत खाली आणला गेला. कतर-दुबई रियालचं सोन्यातलं मूल्य मात्र होतं तसंच राहिलं, म्हणून दिरहम जन्मला तेव्हा डॉलरला ३.९५ पडत होते. १९८०पासून हा आकडा ३.६७च्या घरात आहे आणि १९९७पासून अधिकृतपणे ३.६७२५ वर बांधलेला आहे. भाजक असा खिळून बसल्यावर रुपया-दिरहमचा आलेख म्हणजे रुपया-डॉलरचाच आलेख उरतो, फक्त ३.६७२५ पटीने लहान. सौदी रियालचंही तेच, तिथे भाजक ३.७५. कुवेतचा दिनार मात्र अनेक चलनांच्या टोपलीशी बांधलेला असल्याने त्याची रेघ थोडी वेगळी वळणं घेते.

याच भागाकाराने एक गैरसमज निकालात निघतो. १५ ऑगस्ट जवळ आला, की ‘१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता’ हा निरोप फिरू लागतो. तेव्हा रुपया पौंडाशी बांधलेला होता: एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. पौंडात २४० पेन्स, म्हणून पौंडाचे १३.३३ रुपये. पौंडाचे डॉलर ४.०३. भागाकार ३.३१ येतो. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंड २.८० डॉलरवर उतरला, रुपयाही त्याच्याबरोबर उतरला आणि १३.३३ भागिले २.८० म्हणजे ४.७६ झाले. वर १९६६च्या हकिगतीत आला तो हाच आकडा.

आता जरा अडचणीच्या भागाकडे येऊ. अमुक दिवसाचा भाव म्हणजे नक्की कोणता भाव? बाजारात तो मिनिटामिनिटाला हलतो. सध्या सकाळी साडेअकरा ते साडेबारा या तासातली कोणतीही पंधरा मिनिटं निवडून त्यात झालेल्या प्रत्यक्ष व्यवहारांवरून डॉलरचा संदर्भ दर काढतात. २०१८च्या जुलैपर्यंत हे काम रिझर्व्ह बँक करायची, आता फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था करते. इतिहासात मात्र असेही महिने आहेत जेव्हा एका दिवसाला कायद्यानेच दोन भाव होते. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि दिरहम पावणेसहाच्या आसपासचा सातच्या आसपास गेला. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ या काळात बाहेरून येणाऱ्या चलनाचा ४० टक्के भाग सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलून मिळे. डॉलरचा सरकारी दर २६ रुपये आणि बाजारभाव ३० धरला, तर हातात पडणारा भाव २८.४०. आकड्यांच्या तक्त्यात २६ लिहिलेले असोत वा ३०, आलेल्या पैशांचा हिशेब दोन्हींपैकी एकाशीही जुळणार नाही. १९९१-९२च्या जुन्या आकड्यांवरून भांडणारे लोक मी पाहिले आहेत. बहुतेक वेळा दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

टक्केवारीतही असाच घोळ होतो. १९६६चं अवमूल्यन कुणी ३६.५ टक्के लिहितं, कुणी ५७.५. रुपयाची किंमत डॉलरमध्ये मोजली तर ती ३६.५ टक्क्यांनी घटली, डॉलरची रुपयात मोजली तर ५७.५ टक्क्यांनी वाढली. घटना एकच आहे. दीर्घ काळाचा आलेख काढताना म्हणूनच लॉग मोजपट्टी वापरावी. तिच्यावर एकाचे दोन होणं आणि दहाचे वीस होणं सारख्याच उंचीचं दिसतं. साध्या आलेखात रुपयाची अलीकडची घसरण सगळ्यात खडी वाटते, कारण आकडेच मोठे आहेत. लॉगवर चित्र पालटतं. दिरहम पाचाचा दहा व्हायला १९९० अखेर ते १९९७ अखेर अशी जेमतेम सात वर्षं लागली. दहाचा वीस पहिल्यांदा झाला तो २०१८च्या ऑक्टोबरात, म्हणजे सुमारे एकवीस वर्षांनी. खरी खडी चढण नव्वदच्या दशकातली आहे.

सरासरीचं गणित तर थेट घराशी भिडतं. समजा एका महिन्यात दिरहमचा भाव ५ रुपये आणि पुढच्या महिन्यात ७. दरमहा १,००० दिरहम पाठवणाऱ्याचे दोन महिन्यांत १२,००० रुपये झाले, म्हणजे सरासरी ६. पण ज्याला घराच्या कर्जाचा ७,००० रुपयांचा हप्ता भरायचा आहे, त्याला आधी १,४०० आणि मग १,००० दिरहम पाठवावे लागतात. १४,००० रुपयांना २,४०० दिरहम गेले, सरासरी ५.८३. भाव तेच, महिने तेच, तरी सरासरी वेगळी. पहिली साधी सरासरी, दुसरी हरात्मक. हप्ता रुपयांत असेल तर वार्षिक सरासरीच्या तक्त्यातला आकडा आपल्याला नेहमीच थोडा जास्त दिसणार.

शिवाय तक्त्यातला भाव घरी पोचत नाही. बाजारात २२.६० असेल, तर पैसे पाठवणारी कंपनी २२.४५ लावते आणि वर २० दिरहम शुल्क घेते, असं धरा. १,०२० दिरहम खर्चून २२,४५० रुपये मिळाले. खरा भाव पडला २२.०१. हा आकडा कोणत्याही सरकारी नोंदीत नसतो. तो असतो कपाटातल्या पावत्यांवर: तारीख, दिरहम, लावलेला भाव, शुल्क, रुपये. या कागदांना मी अस्सल वैज्ञानिक नोंदी मानतो. त्यांतल्या बऱ्याच उष्णतेने छापणाऱ्या कागदावरच्या असतात आणि त्यांची अक्षरं काही वर्षांत उडतात, म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवणं फार गरजेचं आहे.

त्यांच्या शेजारी आणखी एक स्तंभ हवा, तो किमतींचा. दिरहम सातावरून बावीसवर गेला म्हणून घर तिप्पट स्वस्त पडलं असं होत नाही, कारण इथल्या किमतीही वाढल्या. अर्थशास्त्रज्ञ दोन्ही देशांची महागाई जमेस धरून वास्तव विनिमय दर काढतात. आपल्याकडे मोजमाप म्हणून जांभ्याचा चिरा घ्यावा. आखातातल्या पैशाने सर्वाधिक उचलला असेल तर तोच. ज्या वर्षी घर बांधलं त्या वर्षीचा चिऱ्याचा भाव आणि गवंड्याची मजुरी बांधकामाच्या जुन्या वहीत बहुधा सापडतेच. चिऱ्याच्या भावाला त्याच वर्षीच्या पावतीवरच्या दिरहमच्या भावाने भागलं, की शंभर चिऱ्यांना तेव्हा किती दिरहम लागत होते ते कळतं. एका वाडीतल्या १९७८च्या, १९९२च्या आणि २०१५च्या घरांचे हे आकडे शेजारी मांडले, तर दुबईतल्या एका महिन्याच्या पगारात किती भिंत उभी राहत होती, हे दर वर्षागणिक सांगता येईल.