मुंबईच्या हवेत नवा लॅपटॉप

नव्या लॅपटॉपच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर बारीक अक्षरांत यंत्राला सोसेल असं तापमान आणि आर्द्रता छापलेली असते. मॅकबुकसाठी ॲपल १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९० टक्क्यांपर्यंत सापेक्ष आर्द्रता सांगते, तीही दव धरणार नाही या अटीवर. इतर कंपन्यांचे आकडेही याच्या आसपासचे. आता मुंबई आठवा. मे महिन्यात वरच्या मजल्यावरची, पत्र्याखालची खोली दुपारी ३५ अंशांच्या वर जाते, आणि जुलैतल्या सकाळी आर्द्रता नव्वदी सहज ओलांडते. कागदावरची कमाल मर्यादा म्हणजे आपला रोजचा दिवस. म्हणून लॅपटॉप घरी आल्यावर वॉलपेपर निवडण्याआधी या हवेचा विचार करायला हवा.

आधी दव. ऑफिसात एसी २२ अंशांवर आहे. तुम्ही लॅपटॉप बंद करून बॅगेत टाकता आणि स्टेशनवर येता. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू साधारण २७ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर हवेतली वाफ पाणी होऊन बसते. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली म्हणून लगेच लॅपटॉप उघडला, तर झाकणावर जो ओलसर थर दिसतो तोच आत सर्किटवरही धरू शकतो. चालू यंत्र स्वतःच गरम असतं, त्याला हा धोका कमी. धोका आहे तो गार पडलेलं यंत्र नुकतंच सुरू करण्यात. घरी पोहोचल्यावर बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. बॅगेत ते हळूहळू गरम होतं, आणि बाहेरची दमट हवाही त्याच्यापर्यंत कमी पोहोचते.

त्याहून चिवट शत्रू म्हणजे मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात, आणि वरळी, वर्सोवा किंवा दादर चौपाटीजवळच्या घरांत तर ते खिडकीच्या काचेवरही दिसतात. लॅपटॉपचा पंखा हवा आत ओढतो, त्याबरोबर हे कणही येतात. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळतं. मग बोर्डवर धूळ म्हणून पडलेला कण विजेला वाट देणारा खारा थेंब होतो. सोल्डरच्या शेजारशेजारच्या दोन जोडांमध्ये व्होल्टेजचा फरक असला की त्या थेंबातून प्रवाह वाहतो आणि धातू झिजत जातो. पावसाळाभर कपाटात ठेवलेला लॅपटॉप गणपतीत सुरूच होत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं. त्यामुळे पावसाळ्यात यंत्र पडून राहू देऊ नका, अधूनमधून तासभर चालवा. त्याच्या उष्णतेने आतली सापेक्ष आर्द्रता उतरते. ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. उघड्या कपाटातलं जेल मुंबईची हवा पिऊन लवकरच निकामी होतं.

लॅपटॉपवर चहा किंवा पावसाचं पाणी सांडलं तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून तो बंद करा आणि चालतोय का हे बघायलाही पुन्हा सुरू करू नका. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय सोडून द्या. पाणी वाळलं तरी त्यातले क्षार आणि साखर बोर्डवर राहतात. ती कारागिराने यंत्र उघडूनच साफ करायला हवीत.

आता बॅटरी. ‘पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा’ असं काही दुकानदार अजूनही सांगतात. हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीला तो लागू नाही. (याच बॅटरीच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) या बॅटरीला पूर्ण भरून ठेवणं जड जातं. १०० टक्क्यांवर तिचं व्होल्टेज सर्वाधिक असतं, तेव्हा आतला द्रव धन टोकाशी विघटित होऊ लागतो. दुसऱ्या टोकाला ग्रॅफाइटवर एक थर चढत जातो आणि कामाचं लिथियम गिळत राहतो. उष्णता या दोन्ही क्रियांना वेग देते. म्हणजे गादीवर ठेवलेला, झरोके बुजलेला, दिवसभर चार्जरला जोडलेला लॅपटॉप ही सगळ्यांत वाईट अवस्था. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती पहिल्याच दिवशी चालू करा. वीज गेली तर, ही भीती मुंबईत फारशी बाळगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराच्या मोठ्या भागातली वीज गेली होती, पण तसा दिवस इथे अपवादच. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्जिंग तिथेच थांबवा, तिला दाबू किंवा टोचू नका, आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता सर्व्हिस सेंटरला द्या.

अनवाणी बसून, धातूच्या लॅपटॉपवर मनगट टेकवलं की चार्जिंग चालू असताना हलक्या मुंग्या आल्यासारखं वाटतं. बरेच जण घाबरतात. ॲडॉप्टरमध्ये विजेतला गोंगाट शमवण्यासाठी एक लहानसा कपॅसिटर बसवलेला असतो, त्यातून अतिशय क्षीण प्रवाह झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत निघून जातो, नसेल तर तुमच्यातून जातो. दोन पिनांच्या चांगल्या ॲडॉप्टरमध्ये हे नेहमीचं आणि निर्धोक असतं. पण तीन पिनांचा ॲडॉप्टर असूनही मुंग्या येत असतील तर भिंतीकडे बघा. जुन्या चाळींतल्या कित्येक सॉकेटांच्या तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ते फ्रिज आणि गिझरसाठीही तितकंच गरजेचं आहे. आणि झणका जोराचा बसला तर तो ॲडॉप्टर पुन्हा लावूच नका. नवा घेताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. नकली ॲडॉप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि तुमच्या हाताची बाजू यांच्यातलं सुरक्षित अंतर अनेकदा वाचवलेलं असतं.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: पहिल्या रात्री सगळे अपडेट होऊ द्या, आणि मग एक काम नक्की करा. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध (एन्क्रिप्ट) होते. गाडीत बॅग चोरीला गेली तर हे वरदान आहे, चोराला तुमचं पॅनकार्ड आणि बँकेची कागदपत्रं उघडता येणार नाहीत. पण मिठाने बोर्ड गेला आणि डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, तर ती तुमच्याकडेच ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात आहे का ते आत्ताच पाहा आणि कागदावर उतरवून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. नव्या मॅकबुकमध्ये साठवण बोर्डाशीच बांधलेली असते, तिथे बोर्ड पूर्ण गेल्यावर बॅकअपशिवाय इलाज नाही. एसएसडीवरून, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपच्या डिस्कवरून, पुसलेली फाइलही सहसा लॅमिंग्टन रोडवरच्या निष्णात कारागिराला परत आणता येत नाही. म्हणून एक बाहेरची डिस्क घ्या, आठवड्याला बॅकअप घ्या, आणि काम झालं की ती काढून ठेवा, कारण जोडून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही जोडलेलीच असते. पहिला बॅकअप झाला की त्यातले दोन-चार फोटो उघडून बघा.