बीटल्स की स्टोन्स: एका जुन्या वादाची कुळकथा

इंग्लंडच्या दोन बँडपैकी बीटल्स मोठे की रोलिंग स्टोन्स, हा प्रश्न रॉक ऐकणारी मंडळी साठ वर्षं चघळत आली आहेत. आकड्यांवर सुटणारा असता तर केव्हाच निकालात निघाला असता. अमेरिकेतल्या बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत बीटल्सची २० गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, स्टोन्सची ८. पण असा हिशेब मांडला की स्टोन्सवाले हसतात आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्याचं कारण या वादाच्या जन्मात आहे. तो लावून दिलेला वाद आहे, आणि लावून देणारा माणूस आधी बीटल्सच्याच पगारावर होता.

अँड्र्यू लूग ओल्डहॅम १९६३ साली १९ वर्षांचा होता. लंडनमध्ये कलाकारांची प्रसिद्धी करायची, वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल चार ओळी छापून आणायच्या, हा त्याचा धंदा. त्याच ओघात त्याने बीटल्सचे मॅनेजर ब्रायन एपस्टाइन यांच्यासाठीही काही काळ काम केलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रिचमंडच्या क्रॉडॅडी क्लबात त्याने स्टोन्सना ऐकलं आणि एरिक ईस्टन या अनुभवी एजंटाला सोबत घेऊन त्यांचं व्यवस्थापन हाती घेतलं. गंमत म्हणजे त्याच्या काही दिवस आधी, १४ एप्रिलला, खुद्द बीटल्स त्याच क्लबात येऊन स्टोन्सना ऐकून गेले होते. दोन्हीकडची दोस्ती तिथूनच.

त्या दोस्तीचा पहिला फायदा स्टोन्सना लगेच झाला. डेका या रेकॉर्ड कंपनीचे डिक रो हे तेव्हा सगळ्यांच्या चेष्टेचा विषय होते. १ जानेवारी १९६२ ला बीटल्सनी डेकाकडे चाचणी दिली होती आणि डेकाने त्यांना नकार कळवला होता. मे १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या एका स्पर्धेत रो आणि बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन परीक्षक म्हणून शेजारी बसले होते. समोरच्या मुलांपेक्षा लंडनकडचे ते स्टोन्स बघा, असं हॅरिसनने सुचवलं. एकदा हात पोळलेले रो या वेळी थांबले नाहीत. रिचमंड गाठून त्यांनी स्टोन्सना ऐकलं आणि करार केला. म्हणजे ज्यांना पुढे बीटल्सचे कट्टर प्रतिस्पर्धी म्हणून मिरवलं गेलं, त्यांना रेकॉर्ड कंपनी मिळाली ती एका बीटलच्या शब्दावर.

ओल्डहॅमलाही सुरुवातीला काही वेगळं सुचलेलं नव्हतं. जुलै १९६३ मध्ये स्टोन्स पहिल्यांदा टीव्हीवर आले तेव्हा त्यांच्या अंगात एकसारखी चौकटीची जाकिटं होती, थेट बीटल्सच्या धर्तीवर. थोड्याच दिवसांत ती गेली. नीटनेटकेपणाची जागा बाजारात भरलेली आहे, उरलेली जागा बेशिस्तीची आहे, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. मग केस आणखी वाढले, फोटोत हसणं बंद झालं. इयन स्टुअर्ट हा संस्थापकांपैकी एक पियानोवादक तर दिसण्यात बसत नाही म्हणून जाहीर चमूतून वगळला गेला. तो पुढे कितीतरी वर्षं पडद्याआड वाजवत राहिला, सामानाची गाडीही चालवत राहिला. स्टोन्सच्या ‘बंडखोर’ प्रतिमेची पहिली किंमत त्याने मोजली असं मला वाटतं, आणि त्याची आठवण या वादात फार कमी लोक काढतात.

मार्च १९६४ मध्ये मेलडी मेकर या साप्ताहिकाने मथळा दिला: तुम्ही तुमच्या बहिणीला रोलिंग स्टोनबरोबर जाऊ द्याल का? पुढे त्या मथळ्यात ‘बहिणी’च्या जागी ‘मुलगी’ आली आणि ‘जाण्या’च्या जागी ‘लग्न’, पण मुद्दा तोच. आता आईबापांनी नाही म्हणावं आणि पोरांनी म्हणूनच हो म्हणावं, एवढाच खेळ उरला. बीटल्स घरात चालतील असे, स्टोन्स दारात उभे करू नयेत असे, अशी वाटणी झाली. त्याच वसंतात स्टोन्सची पहिली एलपी, म्हणजे पूर्ण अल्बमची मोठी रेकॉर्ड, आली आणि बीटल्सच्या दोन एलपींनी ब्रिटनच्या यादीत सलग ५१ आठवडे अडवून ठेवलेली पहिली जागा तिने घेतली. वर्तमानपत्रांना याहून जास्त काय हवं होतं!

ही वाटणी प्रत्यक्षाच्या किती उलटी होती हे पाहायचं तर दोन्हीकडची घरं बघावीत. हॅरिसनचे वडील बस ड्रायव्हर. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार लिव्हरपूलच्या डिंगल या गरीब वस्तीत वाढला, आजारपणात त्याची शाळा बुडाली ती बुडालीच. १९६० पासून ही मंडळी हॅम्बुर्गच्या रीपरबान या बदनाम भागात कातडी जाकिटं घालून, रात्र रात्र गोळ्यांच्या जोरावर जागून वाजवत होती. त्यांना सूट घातला तो १९६२ मध्ये एपस्टाइनने. याउलट स्टोन्सचा गायक मिक जॅगर हा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाचा मुलगा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा विद्यार्थी. त्यांचा गिटारवादक ब्रायन जोन्सचे वडील विमान उद्योगात इंजिनिअर, घर चेल्टनहॅमसारख्या प्रतिष्ठित गावात. दुसरा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं घर साधं, हे मान्य. पण एकंदरीत रांगडे होते ते सोज्वळ म्हणून विकले गेले आणि कॉलेजातली पोरं गुंड म्हणून.

१९६५ साली हे नाटक ऐन रंगात होतं. मार्चमध्ये पूर्व लंडनच्या एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरू दिलं नाही म्हणून जॅगर, जोन्स आणि स्टोन्सचाच बेसवादक बिल वायमन यांनी तिथल्या भिंतीवरच कार्यभाग उरकला. जुलैमध्ये कोर्टाने प्रत्येकी ५ पौंड दंड केला. ऑक्टोबरमध्ये बकिंगहॅम राजवाड्यात बीटल्सना राणीच्या हातून एमबीई हा किताब मिळाला. एकाच वर्षातल्या या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की चाहत्यांच्या दोन फळ्या का पडल्या ते वेगळं सांगावं लागत नाही.

पडद्यामागचं चित्र मात्र भलतंच होतं. १० सप्टेंबर १९६३ ची दुपार घ्या. लंडनच्या ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटवरच्या स्टुडिओ ५१ या तळघरातल्या क्लबात स्टोन्स तालीम करत होते, दुसऱ्या रेकॉर्डसाठी गाणं सापडत नव्हतं. वैतागून बाहेर पडलेल्या ओल्डहॅमला रस्त्यात बीटल्सचे जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी टॅक्सीतून उतरताना दिसले. दोघं सॅव्हॉय हॉटेलातला सत्काराचा कार्यक्रम आटोपून आले होते. अडचण ऐकल्यावर ते सरळ तळघरात उतरले, अर्धवट झालेलं एक गाणं त्यांनी स्टोन्सना ऐकवलं आणि उरलेलं तिथंच एका कोपऱ्यात बसून पुरं करून दिलं. ‘आय वॉना बी युवर मॅन’ ते हेच. १ नोव्हेंबरला ते स्टोन्सच्या नावावर बाहेर आलं आणि ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. तीन आठवड्यांनी आलेल्या बीटल्सच्या एलपीत तेच गाणं रिंगोने गायलं. लेननने पुढे खवचटपणे सांगितलं की आपल्याजवळचं उत्तम काही आपण त्यांना थोडंच देणार होतो! खरं आहे, गाणं काही थोर नाही. पण जोन्सची सरकती, करवतीसारखी गिटार आणि रिंगोचं मजेत गाणं लागोपाठ ऐकलं तर दोन बँडच्या स्वभावातला फरक दोन-दोन मिनिटांत कळतो.

त्या दुपारचा धडा स्टोन्सना गाण्याहून जास्त उपयोगी पडला. गाणी अशी बसून लिहिता येतात, हे त्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं. ओल्डहॅमने जॅगर-रिचर्ड्सच्या मागे लकडा लावला, आणि १९६५ च्या ‘द लास्ट टाइम’पासून इंग्लंडमध्ये त्यांच्या रेकॉर्डची मुख्य बाजूही स्वतः लिहिलेली येऊ लागली. तोवर दोन्हीकडे एक समजूतही झाली होती: एकमेकांच्या नव्या रेकॉर्ड एकाच वेळी बाजारात आणायच्या नाहीत. चाहते एकमेकांच्या उरावर बसत असताना हे लोक फोनवर तारखा ठरवत होते!

१९६७ साली दोस्ती खरी कसाला लागली. फेब्रुवारीत रिचर्ड्सच्या ससेक्समधल्या घरावर अमली पदार्थांसाठी पोलिसांची धाड पडली. हॅरिसन आणि त्याची बायको पॅटी त्याच दिवशी तिथून निघून गेले होते. पोलीस बीटल जाण्याची वाट पाहत होते, असं तेव्हापासून बोललं जातं. २५ जूनला उपग्रहावरून जगभर दाखवलेल्या कार्यक्रमात बीटल्स ‘ऑल यू नीड इज लव्ह’ गात होते आणि त्यांच्या पायाशी बसलेल्यांत जॅगर होता. चार दिवसांनी त्याला तीन महिन्यांची आणि रिचर्ड्सला एक वर्षाची शिक्षा झाली. लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्राचे संपादक विल्यम रीस-मॉग यांनी या शिक्षेविरुद्ध अग्रलेख लिहिला, आणि अपिलात ती टिकली नाही. त्या काळात स्टोन्सनी केलेल्या ‘वी लव्ह यू’ या गाण्यात मागचे आवाज लेनन आणि मॅकार्टनीचे आहेत. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या बाहुलीच्या स्वेटरवर स्टोन्सचं स्वागत लिहिलेलं आहे, तर त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या स्टोन्सच्या ‘देअर सॅटॅनिक मॅजेस्टीज रिक्वेस्ट’च्या मुखपृष्ठात चौघा बीटल्सचे चेहरे दडवलेले आहेत. दोन्ही मुखपृष्ठांचा छायाचित्रकार एकच, मायकेल कूपर.

स्टोन्सच्या याच अल्बममुळे ते बीटल्सची नक्कल करतात हा आरोप मात्र पक्का झाला. डिसेंबर १९७० मध्ये लेननने ‘रोलिंग स्टोन’ याच नावाच्या अमेरिकन नियतकालिकाच्या यान वेनरला दिलेल्या मुलाखतीत तोफ डागली: आम्ही काय केलं आणि दोन महिन्यांनी स्टोन्सनी काय केलं याची यादीच करावीशी वाटते. ही यादी चाहते आजतागायत करतात. तिच्यात सतारही असते. डिसेंबर १९६५ मध्ये हॅरिसनची सतार ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये वाजली, मे १९६६ मध्ये जोन्सची ‘पेंट इट ब्लॅक’मध्ये. क्रम बरोबर आहे, पण कानांनी ऐकलं तर पहिलीत सतार चाचपडत सोबत करते आणि दुसरीत ती गाण्याचा कणा आहे. सतारीशी निष्ठा विचाराल तर हॅरिसनच. तो रविशंकरांकडे शिकला आणि जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत येऊन एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केलं. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचं संगीत तिथलंच. आणि यादीत न बसणारंही बरंच आहे. स्टोन्सचा ‘लेट इट ब्लीड’ हा अल्बम डिसेंबर १९६९ चा आणि बीटल्सचा ‘लेट इट बी’ मे १९७० चा. इथं कोणी कोणाचं उचललं?

त्याच मुलाखतीत लेननची खरी ठसठस वेगळी होती: स्टोन्स क्रांतिकारक आणि बीटल्स नव्हेत, हे म्हणणं त्याला झोंबलं होतं. ते आलं १९६८ मधून. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मार्चमध्ये लंडनच्या ग्रोव्हनर स्क्वेअरला झालेल्या निदर्शनांत जॅगर गेला होता. ऑगस्टअखेर अमेरिकेत, आठवड्याच्या आत, बीटल्सचं ‘रेव्होल्यूशन’ आणि स्टोन्सचं ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’ ही गाणी बाहेर आली. लेननने आपल्या गाण्यात मोडतोडीतून अंग काढून घेतलं होतं. डाव्या तरुणांना ते बोटचेपं वाटलं. डावे कार्यकर्ते तारिक अली यांच्या ब्लॅक ड्वार्फ या वृत्तपत्राने जॅगरचं गाणं छापलं आणि लेननला जाब विचारणारं अनावृत पत्रही. लेननने उत्तर दिलं, तेही छापलं गेलं. शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनावेळी दंगल उसळली होती, तिथल्या रेडिओ केंद्रांनी स्टोन्सचं गाणं वाजवायचं टाळलं, आणि गाण्याला आपोआप क्रांतीचा शिक्का मिळाला. वास्तविक त्या गाण्यातला माणूस शेवटी हेच कबूल करतो की झोपाळू लंडनमध्ये आपल्याला बँडमध्ये गाण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही. दोन्ही गाणी संघर्षापासून चार पावलं मागेच उभी आहेत. फरक चालीत आहे, आणि चाल ऐकून बाजू घेणाऱ्यांना शब्द कशाला हवेत?

१९६९ मध्ये तर दोन्ही दुकानांचा मुनीम एक झाला. स्टोन्सचा कारभार आधीच पाहणारा अमेरिकन ॲलन क्लाइन याला लेनन, हॅरिसन आणि रिंगोने बीटल्सचाही कारभार दिला. मॅकार्टनीने सही करायला नकार दिला, आणि एप्रिल १९७० मध्ये बाहेर पडल्याचं त्याने जाहीर केलं. स्टोन्सलाही क्लाइन महागात पडला. साठच्या दशकातल्या गाण्यांचे हक्क त्याच्या कंपनीकडे गेले ते गेलेच.

इथून पुढे वादाचा विषयच बदलला. एक बँड संपलेला, म्हणून त्यात बिघडायला काही उरलं नाही. दुसरा चालू, म्हणून त्याच्या प्रत्येक फसलेल्या अल्बमचा हिशेब ठेवला जाणार. बीटल्सनी १९६६ च्या ऑगस्टमध्येच दौरे थांबवले होते. त्यामुळे रंगमंचावर कोण सरस या प्रश्नात समोरासमोरची तुलना फारशी करताच येत नाही, तरी ती होतेच. आपल्याकडचंच बघा: १९६८ मध्ये ऋषिकेशला राहून गेलेल्या बीटल्सनी भारतात बँड म्हणून कधी जलसा केला नाही. स्टोन्स एप्रिल २००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॅगरला राजवाड्यात ‘सर’ केलं गेलं, बहिणीला ज्याच्याबरोबर पाठवू नये असा तो!

२०२० मध्ये मॅकार्टनी एका रेडिओ कार्यक्रमात बोलून गेला की स्टोन्सची मुळं ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतात आहेत, आमच्यावरचे संस्कार जास्त ठिकाणांहून आले, आम्हीच सरस. जॅगरने शांतपणे दाखवून दिलं की एक बँड अजून स्टेडियम भरवतोय आणि दुसरा अस्तित्वात नाही. पुढच्या वर्षी मॅकार्टनीने स्टोन्सना दुसऱ्यांची ब्लूज गाणी वाजवणारा बँड म्हटलं आणि चाहत्यांना पुन्हा खाद्य मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’ आला, तर त्यातल्या ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये बेस वाजवणारा मॅकार्टनी. दोन आठवड्यांनी लेननच्या जुन्या टेपवरून पुरं केलेलं ‘नाउ अँड देन’ हे बीटल्सचं गाणं आलं. ब्रिटनमध्ये अल्बमच्या यादीत स्टोन्स पहिले आले आणि गाण्यांच्या यादीत बीटल्स.