म्युनिकमध्ये तुरीची डाळ का शिजत नाही?

नागपूरहून म्युनिकला शिकायला गेलेल्या पोरीचा पहिल्या आठवड्यातला फोन बहुधा वरणाबद्दल असतो. कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच, घोटता घोटला जात नाही. डाळ आईनेच बांधून दिलेली, कुकरही इथलाच. दोष पाण्याचा.

म्युनिकच्या नळाला येणारं पाणी आल्प्सच्या पायथ्याशी चुनखडीतून झिरपून आलेलं असतं, म्हणून त्यात कॅल्शियम भरपूर. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळलं की दाणा फुटतो. कॅल्शियम मात्र पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी सांधून ठेवतं, मग कितीही आच द्या. नागपुरात पेंच-कन्हानचं पाणी येणाऱ्या घरात हा त्रास फारसा जाणवत नाही, पण बोअरवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांना त्यावरचा उपाय पाठ असतो: चिमूटभर खायचा सोडा. सोड्याने पाणी अल्कधर्मी होतं आणि पेक्टिन सुटतं. जास्त टाकला तर ब-1 जीवनसत्त्व नासतं आणि वरणाला साबणासारखी चव येते, ते वेगळंच.

किटलीत पांढरा थर जमवणारं हे पाणी पोटाला मात्र बाधत नाही. तरीही पोट बिघडलंच, तर आधी ताटाकडे बघावं. भाकरी, वरण, पालेभाजी सुटून ब्रेड-चीज सुरू झालं की आतड्यातल्या जिवाणूंचं खाणंच बदलतं. थायलंडहून अमेरिकेत मिनेसोटाला आलेल्या हमोंग आणि कारेन लोकांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. तंतुमय अन्नावर पोसणारे प्रीव्होटेला जिवाणू त्यांच्यात कमी होत गेले आणि बॅक्टेरॉइड्स वाढले. बदलाची सुरुवात पहिल्या वर्षातच दिसली. वनस्पतींचे चिवट तंतू पचवणारी विकरं (एन्झाइम) हीही घटली. सुट्टीत घरी आल्यावर बरबटीच्या (चवळीच्या) उसळीने पोट फुगतं, त्यामागे हेही एक कारण असू शकेल.

खरा धोका मला परतीच्या वाटेवर वाटतो. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या बर्डी बाजारात पाणीपुरी! प्रवाशांच्या जुलाबामागे बहुतेकदा जिवाणू असतात, आणि त्यांत ई-कोलायची विष बनवणारी एक जात आघाडीवर. हे विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर फेकायला लावतं. क्षारांमागे पाणी जातं. इथे वाढलेल्यांशी या जंतूंची लहानपणापासून गाठ पडत असते, त्यामुळे अंगात थोडी प्रतिकारशक्ती मुरलेली असते. चार वर्षं बाहेर काढली की ती ओसरते. बाटलीबंद पाणी पिऊन उपयोग काय, पुदिन्याचं पाणी आणि चिरलेला कांदा तिथलाच!

अशा वेळी कोल्ड्रिंक पाजू नये. त्यातली जादा साखर आतड्यात आणखी पाणी ओढते. ओआरएसचं, म्हणजे पुडीतल्या मीठ-साखरेच्या द्रावणाचं, गणित वेगळं: विषाने पेशी बिथरल्या तरी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेणारी वाट शाबूत असते, आणि त्यांच्यासोबत पाणीही शोषलं जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच द्रावण पाजलं आणि 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर 4 टक्क्यांच्या खाली आला. लिटरभराची पुडी लिटरभर पाण्यातच घोळायची, "जरा कडक" म्हणून अर्ध्या लिटरात नाही. शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला, तर मात्र पुडीच्या भरवशावर न थांबता दवाखाना गाठावा.