गाय हंबरते, माणूस हंबरडा फोडतो

मुंबईत वाढलेल्या मुलाला ‘हंबरडा’ हा शब्द बहुधा वर्तमानपत्रातच भेटतो. इमारत कोसळली, लोकलखाली कुणी आलं, की आईने ‘हंबरडा फोडला’ हे बातमीत ठरलेलं. त्या बातमीत गाय कुठेच नसते. शब्द मात्र तिचाच.

मराठीने जनावरांना आवाज वाटून दिले आहेत: बैल डुरकतो, म्हैस रेकते, घोडा खिंकाळतो, गाय हंबरते. ‘हंबर’च्या मुळाशी संस्कृतातला ‘हम्बा’ किंवा ‘हम्भा’ आहे, आणि ती सरळसरळ आवाजाची नक्कल आहे. तान्ह्या पोराला ‘हम्मा आली बघ’ म्हणताना आपण तीच नक्कल करत असतो. बंगाली गायही ‘हाम्बा’ करते. हिंदीतलं ‘रंभाना’ मात्र ‘रम्भ्’ या वेगळ्या धातूवरून आलं, आणि गुजराती माणूस म्हणतो ‘भांभरवुं’. भुलेश्वरच्या एका गल्लीत एकाच गाईला ही तिन्ही क्रियापदं लागत असणार.

याहून जुना धागा ऋग्वेदात सापडतो. पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात वासराच्या ओढीने येणारी गाय ‘हिं’ करते. सामगायनातल्या ‘हिं’ या उच्चारालाही हिंकारच म्हणतात. रामायणाच्या बालकांडात तर वसिष्ठांची गाय शबला विश्वामित्राच्या सैन्यासमोर ‘हुंभारव’ करते आणि त्यातून योद्धे बाहेर पडतात. हिं, हुं, हं. स्वर बदलत राहिला, पण ‘ह’ आणि अनुस्वार काही सुटले नाहीत.

का सुटले नाहीत, हे गाईकडूनच कळतं. वासरू जवळ असलं की ती तोंड मिटून, खालच्या पट्टीत घुमते. तेच दूर नेलं की तोंड उघडून वरच्या पट्टीत ओरडते. ‘हम्बा’त मिटलेले ओठ आणि उघडलेलं तोंड दोन्ही आले, असं मला वाटतं, व्युत्पत्तीच्या पंडितांनी हवं तर नाक मुरडावं. मराठीने पुढे या दोन हाकांची वाटणीच करून टाकली. ‘हंबरणं’ मायेचं राहिलं. ‘हंबरडा’ ताटातुटीचा झाला, आणि म्हणूनच आक्रोश, किंकाळी, टाहो असे शब्द हाताशी असूनही लेकरू गमावलेल्या आईसाठी तोच पुढे येतो.

मुंबईतच १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हंबरणे आणि हंबरडा दोन्ही नोंदलेले आहेत. तेव्हा गोठे वस्तीतच असत. भुलेश्वरचा पांजरापोळ, म्हणजे जनावरांचं आश्रयस्थान, १८३४ सालचा, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने उभा राहिलेला. त्याचं निमित्त मात्र गाय नव्हे, इंग्रजांनी मारायला घेतलेली भटकी कुत्री! शहरातले तबेले बाहेर काढण्यासाठी १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत आली.

पण आरेत गेल्या त्या मुख्यतः म्हशी, त्यामुळे तिथे ऐकू येतं ते रेकणं. मुंबईला निम्म्याहून अधिक दूध म्हशीच पाजत आल्या असतील, तरी त्यांच्या आवाजाला भाषेने दुःखात जागा दिली नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते शेजारच्या बेसुर गवयाला ऐकवायचं वाक्य: ‘काय रेकतोयस रे सकाळी सकाळी!’