केंद्र नसलं म्हणून ताबा सुटत नाही

१९९०च्या दशकात इंटरनेटबद्दल एक समजूत पक्की बसली होती. मधोमध कुणीच नाही, तर हुकूम सोडणार कोण? तिला आधारही भक्कम होता. १९६४मध्ये रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पॉल बॅरन यांनी केंद्रित, विकेंद्रित आणि वितरित अशी तीन जाळी आखून दाखवली होती. तिसऱ्यातला एखादा ठिपका उडवला, तरी संदेश दुसऱ्या वाटेने पोचतो.

माध्यम-अभ्यासक अलेक्झांडर गॅलोवे यांची कारकीर्द या समजुतीशी वाद घालत उभी राहिली. ड्यूक विद्यापीठातून त्यांनी २००१ साली साहित्यात पीएचडी घेतली. त्याच वर्षांत ते रायझोम या नेट-आर्टच्या, म्हणजे इंटरनेटवरच घडणाऱ्या कलेच्या, संस्थेत तांत्रिक काम सांभाळत होते. मला हा तपशील पदवीपेक्षा मोलाचा वाटतो. सत्तेवर लिहिणारे उदंड आहेत, कोडमध्ये हात घातलेले त्यांत मोजकेच.

फ्रेंच तत्त्वज्ञ जिल डेलुझ यांनी १९९०मध्ये लिहिलं होतं, की शाळा-कारखाना-तुरुंगाच्या भिंतींआड शिस्त लावणारा समाज मागे पडतोय आणि उघड्यावरच सतत नियंत्रण ठेवणारा समाज येतोय. हे नियंत्रण राहतं कुठे? गॅलोवे यांचं २००४चं ‘प्रोटोकॉल’ हे पुस्तक ते शोधायला इंटरनेटचे नियम (प्रोटोकॉल) नोंदवणाऱ्या आरएफसी नावाच्या रुक्ष तांत्रिक दस्तऐवजांपर्यंत जातं. टीसीपी/आयपी या संदेश पोचवण्याच्या नियमांमुळे कुठलंही यंत्र कुठल्याही यंत्राशी बोलू शकतं, हे खरंच. पण एखाद्या साइटचा पत्ता टाकून पाहा. आपण तो डावीकडून वाचतो, नावावरून यंत्र शोधून देणारी डीएनएस ही यंत्रणा उजवीकडून: आधी शेवटचं ‘डॉट ऑर्ग’, मग त्याच्या अलीकडचं नाव. ‘डॉट ऑर्ग’ची नोंदवही कुणाकडे आहे, ते या यंत्रणेच्या सर्वांत वर बसलेले रूट सर्व्हर सांगतात. हे उलटं झाड आहे. वरची फांदी छाटली, की खालची सगळी नावं थोड्या वेळात हरवतात. यंत्रं मात्र सुरूच असतात. मोकळेपणा आणि उतरंड एकाच जाळ्यात नांदतात, आणि जोडलं जायचं तर दोन्हींचे नियम पाळावेच लागतात.

एफबीआयच्या ‘कार्निव्होर’ या टेहळणी यंत्रणेचंच नाव उचलून गॅलोवे यांच्या गटाने २००१मध्ये एक कलाकृती केली. जाळ्यातून वाहणारी पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टिपायची आणि त्यांची चित्रं कलाकारांनी करायची. २००२मध्ये तिला आर्स इलेक्ट्रॉनिका या डिजिटल कलेच्या महोत्सवाचा गोल्डन निका हा पुरस्कार मिळाला. पुढे यूजीन थॅकर यांच्यासोबतच्या पुस्तकात (२००७) मुद्दा अधिक कडवट झाला: आता सत्ताही जाळ्याच्याच रूपात वावरते, तेव्हा नुसतं जाळं विणणं हा प्रतिकार ठरत नाही.

न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवतानाही कोड सुटला नाही. २००८मध्ये त्यांच्या गटाने फ्रेंच विचारवंत गी दबोर यांचा युद्धाचा पटावरचा खेळ संगणकावर आणला. त्यात सोंगटी कितीही बलवान असो. शस्त्रागारापासून निघालेल्या दळणवळणाच्या रेषेपासून ती तुटली, की जागची हलत नाही.