इस्त्रीच्या तबकडीवरचे ठिपके

‘परीटघडी’ हा शब्द मराठीत अजून टिकून आहे, पण ती घडी बसवणारी कोळशाची पितळी इस्त्री आता बहुतेक जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून दिसते. गंमत म्हणजे खुद्द ‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, असं व्युत्पत्तिकार मानतात. त्यांच्या भाषेत ‘एस्तिरार’ म्हणजे ताणणे.

त्या इस्त्रीला तापमान ठरवायची तबकडी नव्हती. झाकण उघडून पेटते कोळसे भरायचे, राख झटकायची, आणि पाण्यात बुडवलेलं बोट तळाला निसटतं लावायचं. ‘चर्र’ झालं की सुती धोतरं आधी उरकायची. रेशमी उपरण्याची पाळी इस्त्री निवत आल्यावर. ज्या घरात इस्त्री नव्हती, तिथे तांब्यात निखारे घालून काम भागायचं, नाहीतर घडी गादीखाली जायची.

हे अंदाजपंचे चालायचं, कारण कापूस सोशिक आहे. त्याच्या तंतूतली सेल्युलोजची साखळी पाण्याने सैल होते आणि उष्णतेने वाळताना दाबलेल्या आकारातच पक्की होते. पाणी शिंपडतात ते यासाठी. शिवाय कापूस करपण्याआधी पिवळटपणा आणि वास यांनी सूचना देतो.

१८८२ साली न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं आणि अडचण उलटी झाली. कोळसा आपोआप निवतो. वीज चालू असेपर्यंत तळ तापतच राहतो. त्यावर १९२०च्या दशकात थर्मोस्टॅट आला. दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी तापली की एक धातू जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते. इस्त्री करताना अधूनमधून ‘टिक’ असं ऐकू येतं, ते हेच.

ही सोय खरी कामाला आली ती कृत्रिम धाग्यांमुळे. नायलॉन १९३५ साली अमेरिकेत तयार झालं, टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टरचाच धागा, १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधला. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीनची आणि त्यात सुती धागा मिसळलेल्या टेरीकॉटची चलती झाली. ‘इस्त्रीच नको’ ही त्याची ख्याती, पण सवयीने इस्त्री फिरायचीच. आमच्या वडिलांच्या टेरीकॉट पँटच्या गुडघ्यांवर आलेली चकाकी शेवटपर्यंत गेली नाही. पॉलिएस्टर वितळतं सुमारे २६० अंश सेल्सिअसला, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून चपटं होतं. नायलॉनचा एक प्रकार तर २२०च्या आसपासच वितळतो. कापूस करपतो, हे धागे वितळून तळाला चिकटतात. पिवळं पडून सावध करणं त्यांना ठाऊक नाही. सुती धाग्याशी मिश्रण असेल तरी तापमान नाजूक धाग्याच्या मानाने ठेवायचं. टेरीकॉट शर्ट हा इस्त्रीपुरता टेरिलीनच.

कपड्यांवरच्या निगेच्या खुणा ठरवणारी गिनेटेक्स ही संस्था १९६३ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली. भाषा कुठलीही असो, कळावं म्हणून कपड्यावरच्या इस्त्रीच्या चित्रात आणि इस्त्रीच्या तबकडीवरही ठिपके आले. एक म्हणजे साधारण ११० अंश, नायलॉनसारख्या कपड्यांना. दोन म्हणजे १५०, पॉलिएस्टर, रेशीम आणि लोकर. तीन म्हणजे २००, सुती आणि लिनन.

परीट गरमकडून निवत्याकडे जायचा. विजेच्या इस्त्रीला तापायला वेळ लागत नाही, निवायला मात्र लागतो. म्हणून आता ढिगातला एका ठिपक्याचा शर्ट आधी घ्यायचा आणि सुती सगळ्यात शेवटी.