लिंक चव्हाट्यावर, क्लिक कुलपात

२८ जुलै २००८ या दिवशी कॅलिफोर्नियात एक नवं सर्च इंजिन सुरू झालं. नावाचा उच्चार 'कूल', स्पेलिंग मात्र आयर्लंडच्या वळणाचं, Cuil. आपल्याकडे १२ हजार कोटींहून जास्त वेबपानांची सूची आहे आणि एवढी मोठी सूची दुसऱ्या कोणाकडेच नाही, असा त्याचा दावा होता. सांगणारी माणसंही जाणकार होती. ॲना पॅटरसन यांनी आधी गूगलमध्येच अवाढव्य सूची उभारण्याचं काम केलं होतं. त्यांचे पती टॉम कॉस्टेलो स्टॅनफर्डमध्ये सर्चवर संशोधन केलेले. सोबत लुई मोनिए, म्हणजे गूगलच्या आधी ज्याचं राज्य होतं त्या अल्टाव्हिस्टाचे एक जनक. गुंतवणूक ३ कोटी ३० लाख डॉलरची.

पहिल्याच दिवशी लोकांची झुंबड उडाली, सर्व्हर दमले आणि साध्यासाध्या शब्दांनाही 'काही सापडलं नाही' असं उत्तर येऊ लागलं. जे सापडलं त्यात क्रम विचित्र, शेजारचं चित्र भलत्याच माणसाचं. सप्टेंबर २०१० मध्ये हे इंजिन बंद झालं.

सर्व्हर कोलमडले म्हणून ते बुडालं, असं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. सर्व्हर आठवड्याभरात सावरता येतात. खरं कारण सर्च इंजिन चालतं कसं यातच आहे.

सर्च इंजिनचा पहिला भाग म्हणजे क्रॉलर. हा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या पानावर जात राहतो आणि मजकूर गोळा करतो. मग त्या मजकुराची सूची बनते. जाड ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, 'विहीर' या शब्दापुढे पृष्ठ क्रमांक दिलेले असतात, तशीच. फरक इतकाच, की इथे जगातल्या प्रत्येक शब्दापुढे लक्षावधी पानांचे क्रमांक असतात. 'विहीर' आणि 'गाळ' हे शब्द टाकले, की दोन्ही याद्यांत असलेली पानं काढायची. हे काम अफाट आहे, पण यंत्रं आणि पैसा असला की जमतं. 'कूल'लाही ते जमलं होतं.

अवघड भाग यानंतर येतो. दोन लाख पानं जुळली, तर माणसाला पहिली दहा कोणती दाखवायची? वाचणारा फार तर पहिली तीन-चार बघतो. म्हणजे सूची दुप्पट केल्यानं त्याचं काम सोपं होत नाही, उलट चाळणी बारीक नसेल तर कचरा दुप्पट होतो.

१९९८ मध्ये गूगल स्वतः नवखं होतं. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांच्या त्या वर्षीच्या शोधनिबंधातली सूची होती २ कोटी ४० लाख पानांची. त्या काळातली मोठी इंजिनं १० कोटींपर्यंत दावा करत होती. मात्र त्याच निबंधात एक गंमतशीर नोंद आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकालाच, स्वतःचं नाव टाकल्यावर, पहिल्या दहा उत्तरांत स्वतःचं पान सापडत होतं! ही इंजिनं मुख्यतः पानावरचे शब्द बघत. एखाद्यानं पानभर तोच शब्द शंभरदा लिहिला, की त्याचं पान वर.

पेज आणि ब्रिन यांनी वेगळीकडे पाहिलं. आपण स्थळाची चौकशी करतो ना, तसं. स्थळाकडची मंडळी स्वतःबद्दल काय सांगतात याला फारसं वजन नसतं. चार लोक काय म्हणतात ते आपण ऐकतो, आणि त्यातही ज्याला गावात मान आहे त्याचा शब्द जास्त धरतो. ऊठसूट चाळीस स्थळं सुचवणाऱ्याच्या शिफारशीला किंमत कमी. त्यांच्या 'पेजरँक' या पद्धतीचं गणित हेच आहे. एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस. शिफारस करणाऱ्याचा मान जितका मोठा तितकं तिचं वजन जास्त, आणि तो मान त्याच्या सगळ्या लिंकांमध्ये वाटला जातो. पण मान कोणाला किती, हेच तर काढायचं आहे! म्हणून सुरुवातीला सगळ्यांना सारखा मान द्यायचा, वाटप करायचं, नव्या मानानुसार पुन्हा वाटप करायचं, असं आकडे स्थिरावेपर्यंत करत राहायचं. या कामात राजीव मोटवानी हे जम्मूत जन्मलेले संगणकशास्त्रज्ञही सहभागी होते.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि माझ्या मते तीच कळीची आहे. लिंक चव्हाट्यावर होत्या. अल्टाव्हिस्टाच्या क्रॉलरनेही त्याच लिंक गोळा केल्या होत्या. म्हणजे नवख्यानं ज्या कच्च्या मालावर बाजी मारली तो कोणालाही फुकट मिळत होता, फक्त त्याकडे तसं बघायला हवं होतं. एका विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना प्रस्थापिताशी टक्कर देता आली ती यामुळे.

दहा वर्षांनी 'कूल' आलं तेव्हा कच्चा माल बदललेला होता. समजा, कोणी 'सातबारा' शोधलं, पहिलं उत्तर उघडून दोन सेकंदांत परत आला आणि तिसऱ्यावर जाऊन थांबला. अशी हजारो माणसं तिसऱ्यावर थांबली, की यंत्राला कळतं, तिसरं वर न्यायला हवं. त्यासाठी त्याला जमिनीच्या उताऱ्यातलं काही समजावं लागत नाही. गूगलच्या या व्यवस्थेचं नाव नॅवबूस्ट. ती १३ महिन्यांचे क्लिक लक्षात ठेवते, हे गूगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात साक्षीतून उघड झालं. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात हिशेबच मांडला आहे: गूगलकडे १३ महिन्यांत जमणाऱ्या या माहितीएवढी माहिती जमवायला मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनला १७ वर्षांहून जास्त काळ लागेल.

हे क्लिक कुठल्याही पानावर लिहिलेले नसतात. क्रॉलर कितीही हिंडला तरी ते त्याला सापडणार नाहीत. ते फक्त ज्याच्याकडे लोक आधीच येतात त्याच्या कपाटात साठतात. नवख्याची उत्तरं जराशी कमी चांगली, म्हणून लोक येत नाहीत, म्हणून क्लिक नाहीत, म्हणून उत्तरं सुधारत नाहीत. शिवाय लोकांनी यायचं तर फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये आधीपासून बसवलेलं इंजिन बदलावं लागतं, आणि ती जागा मिळवण्यासाठी गूगलनं २०२१ या एका वर्षात २६३० कोटी डॉलर दिले. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी 'नीवा' नावाचं जाहिराती नसलेलं इंजिन काढलं. ते चांगलं होतं, तरी मे २०२३ मध्ये त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. लोकांना सवय बदलायला लावणं हे इंजिन बांधण्यापेक्षा कठीण गेलं, असं त्यांनीच सांगितलं.

मराठीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, आणि मला त्याची खरी कळकळ आहे. इंग्रजी शब्दाची रूपं मोजकी. आपल्याकडे 'विहीर' म्हटलं की विहिरीत, विहिरीला, विहिरींमधलं, विहिरीपाशी. नुसता प्रत्यय लागत नाही, मधली वेलांटीसुद्धा दीर्घाची ऱ्हस्व होते. शब्दसूचीच्या दृष्टीनं हे सगळे निरनिराळे शब्द. ते एका मुळाशी आणणारे नियम लिहिता येतात आणि त्यानं शोध बराच सुधारतो. भारतीय भाषांतल्या शोधाची चाचणी घेणाऱ्या 'फायर' या मंचावर पहिल्या वर्षापासून, म्हणजे २००८ पासून, मराठी आहे. लिपीचीही अडचण आहे. 'ॲप'मधला 'ॲ' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला वेगळे.

एवढं नियमांनी सुटेल. पण 'सातबारा', 'सात बारा', '७/१२' आणि तेच इंग्रजी आकड्यांत, या सगळ्यांतून माणसाला एकच उतारा हवा आहे, तारीख किंवा अपूर्णांक नको, हे कुठल्या व्याकरणात लिहिलेलं नाही. ते तहसीलच्या रांगेत उभं राहून फोनवर बोट टेकवणाऱ्या माणसांनी शिकवलेलं आहे. मराठीतून शोधणारे इंग्रजीच्या मानानं कमी, म्हणून असे धडेही कमी, आणि जे आहेत ते एका कपाटात.

२ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच खटल्यात मेहता यांनी पुढचा आदेश दिला. गूगलला त्याचा क्रोम हा ब्राउझर विकायला लावण्याची मागणी त्यांनी फेटाळली, पण सूचीतली आणि लोकांच्या वापरातून जमलेली काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यावी, असं गूगलला सांगितलं. अमेरिकेतल्या बाजारासाठीचा हा आदेश आहे. तहसीलच्या रांगेतल्या माणसांचे क्लिक अजून त्याच कपाटात आहेत.